बदलते कामगार कायदे आणि मालकाची जबाबदारी : चलथाणच्या ऊसतोडीपासून शिक्षणसंस्थेच्या कचेरीपर्यंत

प्रस्तावना

कामगार कायद्याचा विषय निघाला की त्याकडे सहसा कामगाराच्या बाजूने पाहिले जाते. कामगाराचे हक्क कोणते, ते कसे मिळवावेत, कोणाकडे दाद मागावी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याच्यावर हे हक्क देण्याची जबाबदारी आहे त्या मालकाने बदलत्या कायद्याची माहिती कशी ठेवावी, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. हा मालक म्हणजे केवळ गिरणीमालक किंवा कारखानदार नव्हे. सहकारी साखर कारखाना मालक आहे, मुकादमामार्फत टोळी आणणारी मंडळी मालक आहे आणि शिपाई, कारकून, ग्रंथपाल, अध्यापक नेमणारी शिक्षणसंस्थाही कायद्याच्या दृष्टीने मालकच आहे.

भारतीय संविधानात कामगारविषयक बाबी समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. या बदलाचा अर्थ लावताना मालकाला कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा टाळता येतात, हे प्रस्तुत लेखात दक्षिण गुजरातमधील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

चलथाणची पार्श्वभूमी

चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील गाव. राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा क्रमांक ८) येथून जातो आणि सुरत-भुसावळ या तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गावर येथे स्थानक आहे. गावात सहकारी साखर कारखाना आहे आणि आसपासच्या पट्ट्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत. याच रेल्वेमार्गाने पूर्वेकडे गेले की बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी गावे लागतात. खानदेशातील मराठी, अहिराणी आणि भिली बोलणारी माणसे कामासाठी सुरतेकडे येतात ती बहुतांशी या मार्गाने. सुरत महानगरपालिकेने गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, उडिया आणि तेलुगू माध्यमाच्या शाळाही चालवल्या, यावरून या शहरातील स्थलांतरितांचे प्रमाण लक्षात यावे.

दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात ऊसतोडीसाठी धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून तसेच डांग आणि तापी जिल्ह्यांतून मजूर येतात. पावसाळ्यानंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. दोन माणसांच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. ही जोडी बहुधा नवरा-बायकोची असते. मजुरी टनावर ठरते. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो, हंगामात खावटीचे धान्य मिळते आणि हिशेब शेवटी होतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकापासून या भागातील ऊसतोड कामगारांचा अभ्यास केला आणि सहकारी कारखान्यांची भरभराट व तोडणी मजुरांची अवस्था यांतील अंतर अभ्यासकांसमोर आणले.

या व्यवहाराची शब्दसंपदाही लक्षात घेण्याजोगी आहे. मालक, मुकादम, करार, हजेरी आणि खुद्द 'कायदा' हे शब्द अरबीतून, तर 'मजूर' हा फारसीतून मराठीत आला. मुकादम म्हणजे मूळ अर्थाने पुढे केलेला, पुढे असणारा माणूस. ऊसतोडीच्या व्यवहारात तो खरोखरच पुढे असतो आणि मालक त्याच्या मागे राहतो. कायद्याला प्रथम विचारावा लागणारा प्रश्न हाच आहे की, मजुराचा मालक कोण? मुकादम, कारखाना, की ज्याच्या शेतात ऊस उभा आहे तो शेतकरी?

कायदा कोणत्या तारखेपासून 'कायदा' होतो?

मालकाची पहिली गफलत तारखेबाबत होते. संसदेने विधेयक संमत केल्याची बातमी येते, राष्ट्रपतींच्या संमतीची बातमी येते, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरून कायदा लागू झाला असे धरले जाते. काही ठिकाणी याच्या उलट होते. वर्षानुवर्षे काही घडत नाही म्हणून तो विषय विस्मरणात जातो.

चार संहितांचा प्रवास या दृष्टीने बोधप्रद आहे. वेतन संहितेला ८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता या तीन संहितांना २८ सप्टेंबर २०२० रोजी संमती मिळाली. मात्र प्रत्येक संहितेत केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून ती अमलात येईल आणि निरनिराळ्या कलमांसाठी निरनिराळ्या तारखा ठरवता येतील, अशी तरतूद होती. त्यानुसार वेतन संहितेतील सल्लागार मंडळाविषयीची काही कलमे १८ डिसेंबर २०२० रोजी अमलात आली. सामाजिक सुरक्षा संहितेचे आधार क्रमांकाविषयीचे कलम १४२ हे ३ मे २०२१ रोजी अमलात आले. उरलेला मुख्य भाग २१ नोव्हेंबर २०२५पर्यंत थांबला. म्हणजे एकच संहिता तुकड्यातुकड्याने जिवंत झाली.

यावरून मालकाने प्रत्येक बदलाबाबत चार तारखा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात, असे म्हणता येते : संमतीची तारीख, अमलाची तारीख, नियमांची तारीख आणि राज्याच्या अधिसूचनेची तारीख. संहितेत 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' असे शब्द जेथे येतात तेथे तपशील नियमांत असतो. जुने कायदे निरसित झाले तरी त्यांखालील जे नियम व अधिसूचना नव्या तरतुदींशी विसंगत नाहीत त्या संक्रमणकाळात चालू राहतात. 'जुना कायदा गेला, म्हणून जुनी नोंदवही फेकून द्यावी' असा अर्थ कोणी काढू नये.

गुजरातचा २०२०चा धडा

राज्य सरकारची अधिसूचना पाळली तरीही मालक अडचणीत येऊ शकतो, याचे ठळक उदाहरण गुजरातमध्येच घडले. कोविडच्या टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ५खाली अधिसूचना काढली. तिने कामाचे तास दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२पर्यंत नेण्याची मुभा दिली. जादा तासांची मजुरी दुप्पट न देता नेहमीच्या दरानेच द्यावी, असेही तिच्यात होते. आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२० रुपये, असे उदाहरणही दिलेले होते. वस्तुतः कलम ५९प्रमाणे जादा चार तासांचे दुप्पट दराने ८० रुपये होतात आणि एकूण मजुरी १६० रुपये होते. म्हणजे दर दिवशी एका कामगाराचे ४० रुपये कमी होत होते.

कलम ५ हे 'सार्वजनिक आणीबाणी'साठी आहे आणि युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका असेल तरच ते वापरता येते. गुजरात मजदूर सभेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा व न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठाने ही अधिसूचना आणि तिला मुदतवाढ देणारी दुसरी अधिसूचना रद्द ठरवली. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, अधिसूचना निघाल्यापासून जादा काम केलेल्या पात्र कामगारांना कायद्याच्या दराने जादा मजुरी द्यावी, असा आदेश दिला.

ज्या मालकाने मधल्या काळात कोणी किती तास काम केले याची अचूक नोंद ठेवली होती, त्याला फरकाची रक्कम काढणे सोपे गेले असणार. ज्याने नोंदच ठेवली नाही त्याच्याजवळ ना हिशेब, ना पुरावा. सवलत देणारी अधिसूचना आली तरी मूळ कायद्याच्या दराने किती रक्कम झाली असती याची नोंद ठेवावी, हा या निकालातून मिळणारा व्यवहारी बोध आहे.

अध्यापक 'कर्मचारी' आहे काय?

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे आहे, आणि त्याचाही आरंभ गुजरातमधूनच झाला. उपदान प्रदान अधिनियम १९७२चा. ३ एप्रिल १९९७च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने तो दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या शैक्षणिक संस्थांना लागू केला. संस्थाचालकांनी आणि अध्यापकांनीही साहजिकच असे मानले की अध्यापकांना उपदान मिळणार.

परंतु अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षक संघटनेच्या प्रकरणात १३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. अधिसूचनेने संस्था कायद्याखाली आली, पण कायद्यातील 'कर्मचारी' शब्दाची व्याख्या तीच राहिली. त्या व्याख्येत कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचे, पर्यवेक्षणाचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारी माणसे होती. अध्यापन यांपैकी कशातच बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे त्याच संस्थेतील कारकुनाला उपदान आणि अध्यापकाला नाही, अशी स्थिती झाली. अध्यापकांसाठी कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असेही निकालात नमूद होते.

पुढे संसदेने २००९मध्ये दुरुस्ती करून व्याख्या विस्तृत केली आणि ती ३ एप्रिल १९९७पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. खाजगी शाळांच्या संघटनांनी या पूर्वलक्षी प्रभावाला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली आणि सहा आठवड्यांत व्याजासह उपदान देण्यास शाळांना सांगितले.

या पंचवीस वर्षांच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, कायदा वाचताना 'संस्थेला लागू आहे काय' आणि 'या माणसाला लागू आहे काय' हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे तसेच येईल असे नाही. दुसरी ही की, २००४चा निकाल अनुकूल वाटून ज्या संस्थांनी या दायित्वाची तरतूद केली नाही, त्यांच्यावर पुढे १९९७पासूनच्या थकबाकीचा बोजा एकदम आला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या 'किंवा इतर कोणतेही काम' या शब्दांनी व्यापक केलेली आहे. त्यामुळे अध्यापकाबाबतचा जुना वाद पुन्हा उकरून काढण्यास जागा उरलेली नाही.

औद्योगिक वादाच्या कायद्याबाबत स्थिती निराळी आहे. १९७८च्या बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षण हे 'उद्योग' या संज्ञेत येऊ शकते असे म्हटले. पण गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या, सुंदरांबाळ यांच्या, प्रकरणात १९८८मध्ये न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक 'कामगार' ठरत नाही. पुन्हा तेच दोन प्रश्न आणि दोन भिन्न उत्तरे. आता औद्योगिक संबंध संहितेने, पूर्णतः किंवा मोठ्या अंशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत असणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या आहेत. यावरून 'आपली संस्था धर्मादाय, म्हणून संहिताच लागू नाहीत' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ही वगळणूक एका संहितेतील एका व्याख्येपुरती आहे. वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, प्रसूतिलाभ यांना ती लागू होत नाही. शिवाय, एखादी संस्था खरोखर त्या वर्णनात बसते की नाही हे वस्तुस्थितीवरून ठरते.

अल्पसंख्याक संस्थांबाबतही असाच गैरसमज आढळतो. संविधानाच्या अनुच्छेद ३०ने संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या प्रकरणात १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सर्वांना सारखे लागू असणारे कामगार कायदे अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहेत.

'वेतन' शब्दाची नवी व्याख्या

संहितांनी केलेला सर्वांत दूरगामी बदल 'वेतन' या एका शब्दात आहे. पूर्वी निरनिराळ्या कायद्यांत या शब्दाच्या निरनिराळ्या व्याख्या होत्या. आता मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखून ठेवण्याचा भत्ता असल्यास तो, म्हणजे वेतन. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा अशा काही बाबी त्यातून वगळल्या आहेत. मात्र वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एका कर्मचाऱ्याला दरमहा ४०,००० रुपये मिळतात. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता १४,०००, घरभाडे भत्ता १६,००० आणि प्रवास भत्ता १०,००० रुपये आहे. वगळण्याजोग्या बाबी २६,००० रुपयांच्या झाल्या. निम्म्याची मर्यादा २०,००० आहे. वरचे ६,००० रुपये वेतनात मिळवले म्हणजे वेतन २०,००० रुपये होते. उपदान दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतके असते आणि महिन्याचे दिवस २६ धरतात. १४,०००च्या हिशेबाने दहा वर्षांचे उपदान सुमारे ८०,७६९ रुपये होते, तर २०,०००च्या हिशेबाने सुमारे १,१५,३८५ रुपये. एका माणसामागे ३४,६१६ रुपयांचा फरक पडतो. संस्थेत असे तीस कर्मचारी असतील तर ही रक्कम दहा लाखांवर जाते. हा पैसा निवृत्तीच्या दिवशी शोधून सापडत नाही. त्याची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात करावी लागते.

मुदतबंद नेमणुकांचाही विचार येथेच करणे योग्य होईल. महाविद्यालयांत ठराविक मुदतीच्या आदेशावर अध्यापक नेमण्याची पद्धत सर्वत्र आढळते. पूर्वी उपदानासाठी पाच वर्षांची अखंड सेवा लागे. संहितेनुसार मुदतबंद नोकरीची मुदत संपल्यावर ही पाच वर्षांची अट लागत नाही आणि उपदान सेवेच्या प्रमाणात द्यावे लागते. एक वर्षाच्या सेवेनंतर मुदतबंद कर्मचाऱ्याला हा लाभ मिळेल, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. दरवर्षी नवा आदेश काढून जुन्या सेवेचा हिशेब मिटला असे मानणाऱ्या संस्थांनी आपली पद्धत तपासून पाहावी.

मुकादमामागचा मालक

आता पुन्हा उसाच्या फडाकडे वळू. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९चा कायदा मुख्यतः कंत्राटदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांसाठी होता. नव्या संहितेत मालकाने थेट नेमलेला आणि स्वतःहून दुसऱ्या राज्यात येऊन कामाला लागलेला कामगारही या व्याख्येत आला आहे. दुसरीकडे, हा भाग लागू होण्यासाठी पूर्वी पाच स्थलांतरित कामगार पुरेसे होते, तेथे आता दहा लागतात. प्रवासखर्चाची एकरकमी तरतूद राहिली, परंतु जुन्या कायद्यातील विस्थापन भत्ता राहिला नाही. शिधा मूळ राज्यात किंवा कामाच्या राज्यात घेण्याची सोय मात्र संहितेत नमूद आहे. म्हणजे एकाच बदलात कामगाराला काही मिळाले आणि काही गेले. मालकाने दोन्ही बाजू वाचल्या पाहिजेत.

या कायद्यात राज्याच्या सीमेला मोठे महत्त्व आहे. नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये येतो, हे सर्वश्रुत आहे. नवापूर तालुक्यातून चलथाणला आलेली टोळी आंतरराज्य स्थलांतरित ठरते. डांगमधून आलेली टोळी तेच काम, तसाच कोयता घेऊन करीत असली तरी या व्याख्येत बसत नाही, कारण डांग गुजरातमध्येच आहे. एकाच फडातील दोन टोळ्यांना दोन प्रकारच्या नोंदी लागतात.

कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागत. आता त्या पन्नासपासून लागतात. परंतु पन्नासच्या वरच्या आस्थापनांत कल्याणकारी सोयींची जबाबदारी मूळ मालकावर आली आहे, आणि कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाला द्यावी लागते. 'पैसे मुकादमाला दिले, पुढचे त्याचे तो पाहील' हे उत्तर कायद्यात चालत नाही.

मजुरीच्या दराबाबतही जागरूक राहावे लागते. गुजरातमध्ये ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपये होता. मार्च २०२३मध्ये राज्य सरकारने तो दुप्पट करून ४७६ रुपये केल्याचे जाहीर केले. एका कोयत्याने दिवसात एक टन ऊस तोडला तर दोघांत मिळून ४७६, म्हणजे माणशी २३८ रुपये होतात. जुना दर याच्या निम्मा होता. अशा अधिसूचनेनंतर जुन्या दराने केलेला हिशेब हा केवळ चुकीचा हिशेब राहत नाही. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही अनुच्छेद २३ने मनाई केलेली सक्तीची मजुरी होय.

कोयत्याच्या पद्धतीत स्त्रीची मजुरी जोडीच्या नावावर जाते आणि रोकड पुरुषाच्या हाती पडते. वेतन संहितेनुसार लिंगाच्या आधारे वेतनात भेद करता येत नाही आणि मालकाने नोंदवही ठेवून वेतनपावती द्यावयाची असते. नोंदवहीत बाईचे नाव स्वतंत्र नसेल तर तिला अपघात, प्रसूती किंवा थकबाकी यांपैकी कशाबद्दलही दाद मागताना आपण कामावर होतो हेच सिद्ध करता येत नाही. उचलीबाबतही असेच आहे. वेतनातून होणाऱ्या एकूण कपाती निम्म्याहून अधिक असू नयेत आणि प्रवासखर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम वसूल करता येत नाही, अशी तरतूद आहे. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवला तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होतो. हा कायदा संहितांत विलीन झालेला नाही.

मालकाने काय करावे?

वरील विवेचनावरून काही व्यवहारी सूत्रे मांडता येतात.

पहिले, डोकी मोजावीत. बहुतेक तरतुदी माणसांच्या संख्येवर अवलंबून आहेत. दहापासून उपदान, कर्मचारी राज्य विमा आणि लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३च्या कायद्याखालील अंतर्गत समिती. वीसपासून भविष्यनिर्वाह निधी. पन्नासपासून पाळणाघर आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदी. तीनशेपासून स्थायी आदेश, जे पूर्वी शंभरपासून लागत. सामाजिक सुरक्षेची तरतूद एकदा लागू झाली की पुढे संख्या घटली तरी ती सुटत नाही.

दुसरे, व्याख्या आधी वाचाव्यात. संस्था, कर्मचारी, कामगार, वेतन या चार शब्दांचे अर्थ प्रत्येक संहितेत तपासल्याशिवाय पुढील कलमांवर जाऊ नये.

तिसरे, काय गेले आणि काय राहिले याची यादी करावी. वेतन संहितेत चार, औद्योगिक संबंध संहितेत तीन, सामाजिक सुरक्षा संहितेत नऊ आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेत तेरा कायदे सामावले. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१, बालकामगारविषयक १९८६चा कायदा आणि राज्यांचे दुकाने व आस्थापना कायदे यांत नाहीत. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा १९७७चा सेवाशर्तींचा कायदाही स्वतंत्र आहे.

चौथे, पुरावा मालकानेच ठेवावा. वेतन संहितेनुसार वेतन मिळाले नाही असा दावा झाल्यास ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात ती सहा महिने होती. नोकरी संपल्यावर, राजीनामा दिला असला तरी, दोन कामकाजाच्या दिवसांत देणी भागवावयाची आहेत. राजीनामा दिलेल्या माणसाला महिनोन्महिने खेटे घालायला लावण्याची जुनी सवय आता कायद्याच्या विरुद्ध आहे.

पाचवे, हे काम एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे आणि तिने दर महिन्याला केंद्र व राज्य राजपत्र, श्रम मंत्रालय, भविष्यनिर्वाह निधी संघटना आणि राज्य विमा महामंडळ यांची परिपत्रके पाहून कार्यकारी मंडळापुढे लेखी टिपण ठेवावे. भ्रमणध्वनीवर फिरणारे संदेश हा आधार नव्हे. शंका असेल तेथे कायद्याच्या जाणकाराचा लेखी सल्ला घ्यावा.

सहावे, कामगाराच्या भाषेत सांगावे. चलथाणच्या फडात गुजरातीत लावलेली दरसूची अहिराणी बोलणाऱ्या मजुराला वाचता येत नाही. त्याला वाचता येत नसेल तर ती वाचून दाखवली पाहिजे. शिक्षणसंस्थेतही नेमणुकीचे पत्र शिपायाला समजेल अशा भाषेत हवे. नेमणूकपत्र देणे आता सर्वच कर्मचाऱ्यांबाबत आवश्यक झाले आहे.

अध्यापकांचे काम

सामुदायिक महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढे कोठे कारकून, कोठे पर्यवेक्षक, कोठे लहानसा व्यावसायिक होतो. म्हणजे तो कायद्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहतो. वाणिज्याच्या वर्गात वेतनपावती तयार करून घेणे, भाषेच्या वर्गात राजपत्रातील एक अधिसूचना सोप्या मराठीत किंवा उर्दूत लिहून काढणे, समाजशास्त्राच्या वर्गात एका हंगामी मजुराचा हिशेब मांडणे, अशा अभ्यासांना वेगळा खर्च लागत नाही. कायद्याची भाषा अवघड असते हे खरे, पण 'विहित', 'अधिसूचना', 'आस्थापना', 'निरसन' अशा पन्नासएक शब्दांची ओळख झाली की तिचा बराचसा धाक जातो. हे काम भाषेच्या अध्यापकाइतके दुसऱ्या कोणाला चांगले जमणार नाही.

समारोप

१९९७ची उपदानाची अधिसूचना, २०२०ची बारा तासांची अधिसूचना आणि २०२५ची संहितांची अंमलबजावणी या तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. कायदा कोणाच्या दारावर येऊन सांगत नाही. तो राजपत्रात छापला जातो आणि त्या तारखेपासून प्रत्येकाला माहीत आहे असे धरले जाते. ज्याच्याकडे कचेरी आहे, लेखनिक आहे, सल्लागार आहे, त्याने तो वाचला नाही तर त्याची किंमत प्रथम ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही तो माणूस देतो आणि थकबाकीसह ती नंतर मालकाला द्यावी लागते. उसाच्या फडातील कोयता असो वा महाविद्यालयातील मुदतबंद अध्यापक, दोघांचाही हिशेब वेळेवर आणि चोख होणे हे मालकाच्या माहितीवर अवलंबून आहे. शिक्षण देणाऱ्या संस्थांनी या बाबतीत इतर मालकांच्या पुढे असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.